दोन काठांची

मे महिना. तांडापेठेतल्या आमच्या घरात
कूलरच्या खालच्या पट्टीवर ती बसलेली.
राखाडी, तांदळाच्या दाण्याएवढी.
बोट नेलं तर पळाली नाही, वळली.
पुढचे चार डोळे माझ्यावर ठेवले
आणि तोंडापाशी दोन पांढुरके हात खालीवर केले,
गल्लीच्या टोकावरून एखादी बाई
ओळख लागते का बघते तसे.

खाटेवरून बाबा म्हणाले, "काय पाह्यतं वं तिथं?"
"कोळी."
"जाळं कुठी हाय?"
"ही जाळं विणत नाही बाबा. उडी मारून माशी धरते."
ते थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिले.
"विणत नाही, तं मंग कोळी काऊन म्हणाव तिले?"

बाबांनी बत्तीस वर्षं माग चालवला.
मग तो गेला, किलोच्या भावानं.
त्याच पैशात हा कूलर आला.

हाच प्रश्न त्यांना एकदा टेबलामागून विचारला होता,
उलटा करून.
आजोबांच्या दाखल्यावर, जातीच्या रकान्यात, कोष्टी.
बाबा म्हणत होते, ते काम होतं साहेब, आम्ही हलबा.
साहेब विचारत होते, देव कोणता,
लग्नात काय काय करता,
मेल्यावर जाळता की पुरता,
पन्नास सालाच्या आधीचा कागद आहे का.
मी सातवीत. बाहेरच्या बाकावर
फाईलच्या नाडीला गाठी मारत बसलेली.

आता मी प्रयोगशाळेत बसते.
तिथे कामावरून कुळ ठरत नाही.
लोहकरे मॅडम सांगतात, आधी डोळे मोज,
किती रांगांत आहेत ते लिही.
नराच्या तोंडाजवळच्या अवयवाचं वळण,
मादीच्या पोटाखालची मुद्रा,
पोटॅशमध्ये ठेवून, सूक्ष्मदर्शकाखाली.
रंगावर जाऊ नकोस, रंग फसवतो.

तरी फसलेच लोक.
या एका जिवाला किती नावं चिकटली.
नराच्या पाठीवर मधोमध काळी पट्टी, म्हणून तो वेगळा.
मादी वेगळी.
ह्या बंदरातली वेगळी, त्या बेटावरची वेगळी.
मग कुणीतरी बाटल्या शेजारी शेजारी ठेवल्या
आणि एक सोडून बाकीची नावं खोडली.
कोळ्याला कुणी बोलावलं नाही त्यासाठी.
त्याची शिष्यवृत्ती अडली नाही.

उरलं ते मेनेमेरस बायविटाटस.
"म्हंजे?"
"लॅटिन आहे. दोन पट्ट्यांची."
बाबा उठले, चष्मा लावला, कूलरशी वाकले.
"पट्ट्या कायच्या? काठ होय ते.
दोन्हीकून काळा काठ, मधात राखी अंग.
असे लुगडे म्या काढले हाय. गांधीबागेत जायेत."

तेवढ्यात तिने उडी मारली,
खिडकीच्या गजावर, वीतभर.
उन्हाची तिरीप होती म्हणून दिसलं,
मागे एक धागा सुटत गेलेला.
पडलंच तर लटकायला. दर उडीला सोडतात.
मी हे सांगणार होते,
पण बाबांचा हात आधीच पुढे गेला होता,
अंगठा आणि तर्जनी थुंकीनं ओली करून,
तुटलेला ताणा धरायला जातो तसा.

ती कूलरच्या गवतामागे गेली.
माझ्याकडे बाटली तयार होती, चिठ्ठीसुद्धा:
नागपूर, तांडापेठ, घराची भिंत, तारीख.
मादी एकटीच होती, नर हवा होता खात्रीला.
रात्री झाकण लावून ठेवून दिली.

सकाळी दात घासत होते तर बाबांची हाक:
"लवकर ये वं, तुही कोष्टीण आली!
संगं अजून एक हाय,
त्याच्या मधातच पट्टी हाय, काठ पांढरे.
हा कोन्त्या जातीचा?"